पातं न लावता लाकडाचा छेद: सूक्ष्मदर्शकासाठी लेझरनं नमुना कसा तयार करावा

एका जुन्या वाड्याच्या तुळईचं टोक माझ्या टेबलावर आलं होतं. लाकूड सागाचं. भिंतीत गाडलेला शेवटचा वीतभर भाग वर्षानुवर्षांच्या पाझरानं काळपट आणि मऊ पडला होता, नखानं दाबलं तर खळगा पडायचा. दुरुस्ती करणाऱ्यांचा प्रश्न सरळ होता. कूज किती आतपर्यंत गेली आहे आणि तुळई नेमकी कुठून कापून नवा सांधा द्यायचा? उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळणार होतं, पण त्यासाठी आडवा छेद स्वच्छ हवा होता. मायक्रोटोमचं (पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं) पातं लावलं की निरोगी लाकूड नीट कापलं जायचं आणि कुजलेल्या भागाचा भुगा होऊन खाली सांडायचा. जे बघायचं होतं तेच हातातून जात होतं.

त्यामुळे मी लेझरकडे वळले. त्या कामात जे शिकले आणि पुढे पुन्हा पुन्हा वापरलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र, पुरातत्त्व किंवा वास्तू-संवर्धनात काम करणाऱ्या आणि मायक्रोटोमशी ओळख असलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. लेझरची पूर्वमाहिती नसली तरी चालेल.

आधी ठरवा: लेझर खरोखर हवा आहे का?

निरोगी लाकडाला मायक्रोटोमच पुरतो. ठोकळा पाणी-ग्लिसरीनमध्ये उकळून मऊ करायचा, सरकत्या मायक्रोटोमवर १५ ते २० मायक्रॉनचे काप घ्यायचे, सॅफ्रानिननं रंगवायचे. सागात सिलिका असते म्हणून पातं लवकर बोथट होतं, एवढाच त्रास. झाडाची जात ओळखायची असेल तर हीच वाट धरा.

लेझर उपयोगी पडतो तो पात्याच्या जोरानं बिघडणाऱ्या लाकडाला. कुजलेलं लाकूड, उत्खननातलं लाकूड, प्लायवूडमधली डिंकाची रेघ, रंग किंवा पॉलिश लाकडात किती मुरलं ते दाखवणारी सीमा, आणि अगदी हलकी मऊ लाकडं. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होतात तो हातात घेऊन बघा. त्याच्या पेशींच्या भिंती इतक्या पातळ असतात की कितीही धारदार पातं फिरवलं तरी काही भिंती आत दुमडतातच. मग सूक्ष्मदर्शकात पोकळी अरुंद दिसते आणि आपण ती झाडाची रचना समजून मोजत बसतो. पॉलिश पेपरनं घासलं तर आणखी वाईट. वरून पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, पण सगळी छिद्रं भुश्श्यानं बुजलेली असतात.

लेझरचा किरण लाकडाला ढकलत नाही, दाबत नाही. वरचा थर उडवून लावतो आणि खालची भिंत जिथे होती तिथेच उभी राहते. पण त्याची स्वतःची बिघडवण्याची रीत आहे. ती ओळखता आली नाही तर पात्यापेक्षा जास्त फसगत होते, म्हणून त्याबद्दल पुढे बरंच लिहिणार आहे.

कोणता लेझर

माझा पहिला प्रयत्न चुकीचा होता. शहरात ॲक्रिलिकच्या पाट्या आणि लग्नपत्रिका कापून देणारी दुकानं असतात. त्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. तिथून सागाचा तुकडा कापून आणला. कडा सरळ आणि चकचकीत, मी खूश. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर प्रत्येक भिंतीवर कोळशाचा एकसंध लेप होता. भिंतीचे थर नाहीत, खाचा नाहीत, काही नाही.

कारण साधं आहे. त्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तो अवरक्त. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा जेमतेम ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे तो बंध तोडत नाही, लाकूड तापवून जाळतो. अतिनील लेझरचं गणित वेगळं. १९३ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ६.४, २४८ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ५ आणि ३०८ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. शिवाय लिग्निन अतिनील प्रकाश जोरात शोषून घेतं, त्याचं एक शोषण-शिखर २८० नॅनोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे किरण खोल न शिरता वरच्याच थरात मुरतो आणि तेवढाच थर उडतो.

दुसरी बाब वेळेची. अतिनील एक्सायमर लेझरची (वायूंच्या मिश्रणातून अतिनील किरण देणाऱ्या लेझरची) एक पल्स, म्हणजे किरणाचा एक झटका, साधारण २० नॅनोसेकंद टिकते. एवढ्या वेळात पेशीच्या भिंतीत उष्णता ढोबळमानानं मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतकीच पसरू शकते. पल्स एक मिलिसेकंदाची असेल तर हेच अंतर २० मायक्रॉनच्या आसपास जातं, म्हणजे जवळपास एका अख्ख्या तंतूची रुंदी. पहिल्यात शेजारच्या भिंतीला झळ लागत नाही, दुसऱ्यात ती भाजून निघते.

जैविक पदार्थ असा न जाळता कोरता येतो हे १९८१ साली न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्सच्या आयबीएम प्रयोगशाळेत लक्षात आलं. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि जेम्स विन, सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांबरोबर १९३ नॅनोमीटरच्या लेझरखाली ठेवलं. कडा न भाजता स्वच्छ चर पडली. डोळ्याच्या लेझर शस्त्रक्रियेची वाट तिथून निघाली. आपण लाकडावर वापरतो ते तत्त्व तेच.

तर एक्सायमर लेझर हवा, १९३ किंवा २४८ नॅनोमीटरचा. ३०८ चालतो, पण कडा थोड्या जास्त गोल होतात. तो नसेल तर एनडी-याग या स्फटिकाच्या लेझरची चौथी संवादी तरंगलांबी, म्हणजे २६६ नॅनोमीटर, वापरता येते.

हे यंत्र आणायचं कुठून? भौतिकशास्त्राच्या लेझर प्रयोगशाळा आहेतच, पण बऱ्याच जणांना न सुचणारा एक दरवाजा म्हणजे भूविज्ञान. दगडातल्या खनिजांमधली मूलद्रव्यं मोजायला तिथे लेझरनं खडक उडवून ती वाफ वस्तुमान वर्णपटमापकात नेतात. त्या यंत्रातला लेझर बहुतेक वेळा १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर किंवा २१३ नॅनोमीटरचा याग असतो. किरणाचा ठसा बारीक, १०० मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे टेबल सरकवत सरकवत पृष्ठभाग झाडावा लागतो. पण कॅमेरा, सरकतं टेबल, हेलियमचा प्रवाह हे सगळं तयार मिळतं. फक्त आधी मोकळेपणानं सांगा की लाकडाची काजळी त्यांच्या कक्षात बसेल, आणि नंतर कक्ष स्वतः पुसून द्या.

ठोकळा: निम्मं काम इथेच होतं

लेझरचा वेळ तासाच्या हिशेबात मिळतो, म्हणून ठोकळे आदल्या आठवड्यात तयार हवेत.

बारीक दातांच्या करवतीनं ८ मिलिमीटर लांब, ८ रुंद, ५ उंच असा तुकडा काढा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साडेबारा मिलिमीटरच्या बैठकीवर तो आरामात बसतो. आडवा छेद पाहायचा असेल तर वरचा चेहरा तंतूंना अगदी काटकोनात आला पाहिजे. तंतू ५ अंशांनी जरी तिरके असले तरी किरण पोकळीत सरळ उतरत नाही, एका बाजूच्या भिंतीवर आदळतो आणि तीच बाजू जास्त झिजते. काटकोन तपासायला मी ठोकळ्याची एक बाजू धारेच्या दिशेनं फोडते. पटाशी ठेवून हलका ठोका दिला की लाकूड आपल्या तंतूंच्या रेषेत फुटतं. त्या फुटलेल्या बाजूशी छोटा गुण्या लावून वरचा चेहरा काटकोनात आणायचा.

सालीकडची बाजू कोणती ते पेन्सिलीनं बाजूवर लिहा. शाई नको, ती वाहिन्यांमधून वर चढते.

करवतीनं बिघडलेला थर अर्धा मिलिमीटर किंवा जास्त खोल असतो. एवढं सगळं लेझरनं उडवायचा मोह टाळा. नव्या दाढीच्या ब्लेडनं पातळ पातळ काप काढत एक मिलिमीटर खाली जा, प्रत्येक काप ब्लेडच्या न वापरलेल्या भागानं. आता बिघडलेला थर ५० ते १०० मायक्रॉनवर येतो आणि तेवढं काम लेझरचं.

कुजलेल्या लाकडाला ब्लेडही सोसत नाही. तिथे मी ओला ठोकळा फ्रीजरमध्ये गोठवते आणि गोठलेला असतानाच ब्लेड फिरवते. बर्फ भिंतींना आतून आधार देतो. भिंतींचं सूक्ष्म नुकसान होतं, पण तो थर पुढे लेझर काढून टाकणार असतो, म्हणून चालतं.

मग वाळवणं. ठोकळा कोरडा हवा. पोकळ्यांमध्ये पाणी राहिलं तर ते अचानक तापून वाफेच्या जोरानं भिंती फाडू शकतं. निरोगी लाकूड सिलिका जेलच्या बंद डब्यात आठवडाभर ठेवलं की पुरतं. बराच काळ पाण्यात बुडून राहिलेलं किंवा खूप कुजलेलं लाकूड मात्र असं वाळवू नका. पाणी निघताना ताणानं पेशी आत कोसळतात आणि लेझरपर्यंत पोचण्याआधीच नमुना वाया जातो. त्याला गोठवून वाळवणं हाच मार्ग. आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल भरून टिकवलेलं पुरातत्त्वीय लाकूड आलं, तर ते मेणासारखं वितळून भिंतींवर पसरतं हे ध्यानात ठेवा. अशा नमुन्याचा छोटा तुकडा आधी धुऊन, मग गोठवून वाळवूनच घ्या.

ठोकळा बैठकीवर चिकटवायला पातळ डिंक किंवा सुपरग्लू वापरू नका. सागाच्या वसंतातल्या, म्हणजे वलयाच्या सुरुवातीच्या, वाहिन्या दोन-तीनशे मायक्रॉनच्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या. पातळ पदार्थ त्यातून दिव्याच्या वातीसारखा वर चढतो. दुहेरी चिकट कार्बन टेप पुरते.

सुरक्षितता

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. हे लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गातले आहेत, परावर्तित किरणही डोळा घालवू शकतो, आणि अतिनील किरण दिसत नसल्यानं पापणी मिटायची सूचनाही मिळत नाही. चष्मा त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित असलेला हवा, दुसऱ्या लेझरचा उसना नको. नमुन्याभोवती पॉलिकार्बोनेटची पेटी असावी. ती अतिनील अडवते आणि आतलं दिसतंही. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

एक्सायमरमध्ये १९३ आणि २४८ नॅनोमीटरसाठी फ्लोरिन वायू असतो, तो विषारी. वायू बदलायचं काम यंत्राच्या जबाबदार माणसाचंच. १९३ नॅनोमीटरचा किरण हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन बनवतो, म्हणून किरणाची वाट नायट्रोजननं भरलेली हवी. धूर ओढून घेणारी नळी चालू असल्याशिवाय पहिली पल्सही मारू नका. सागाच्या धुळीनं अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. आणि लाकडाला तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं वाळवीरोधक दिलं असेल, जसं विजेच्या लाकडी खांबांना देतात, तर तो धूर आर्सेनिकचा असतो. असा नमुना हातात आल्यावर मालकाला स्पष्ट विचारा, शंका राहिली तर घेऊ नका.

ऊर्जेचा हिशेब

लेझरच्या पडद्यावर दिसणारा आकडा आपल्या कामाचा नाही. नमुन्यावर प्रत्यक्ष किती ऊर्जा पडते आणि किती क्षेत्रावर, याला महत्त्व. वाटेतल्या प्रत्येक साध्या क्वार्ट्झ भिंगावर सुमारे ८ टक्के परावर्तनात जातात. भिंगं क्वार्ट्झचीच हवीत, साधी काच २४८ नॅनोमीटर गिळून टाकते. म्हणून ऊर्जामापक नमुन्याच्या जागी ठेवून मोजा.

ठशाचा आकार बघायला एटीएमची पावती आणा. तो कागद उष्णतेनं काळा पडणारा असतो, नमुन्याच्या जागी ठेवून एक पल्स मारली की ठसा उमटतो. ठसा सगळीकडे सारखा काळा आहे की मध्ये गडद आणि कडेला फिकट, हेही तिथेच कळतं. एक्सायमरचा मूळ किरण चौकोनी आणि कडांना कमजोर असतो. पत्र्याच्या मास्कनं मधला सारखा भागच पुढे जाऊ द्यायचा.

माझ्या तुळईच्या वेळी मास्कनंतर ९० मिलिज्यूल उरत होते आणि ठसा ३ मिलिमीटर बाय २ मिलिमीटर होता. क्षेत्र ०.०६ चौरस सेंटिमीटर. ०.०९ भागिले ०.०६, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.५ ज्यूल. २४८ नॅनोमीटरला सुरुवात करायला १ ते ३ ज्यूलचा पट्टा मी धरते. फार कमी ऊर्जेला थर उडत नाही, नुसता तपकिरी पडून रासायनिकदृष्ट्या बिघडतो. सावधगिरी म्हणून ऊर्जा कमी ठेवू, असं वाटणं साहजिक आहे, पण लाकडासाठी ती सावधगिरी उलटी पडते.

पल्सचा वेग सेकंदाला ५ ठेवा. यंत्राला ५० जमतात म्हणून ५० मारू नका. दोन पल्समध्ये उष्णता विरायला आणि धूर बाजूला व्हायला वेळ लागतो.

पायऱ्यांची चाचणी

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते आणि तुम्हीही द्या. साग आणि साग सारखा नसतो, इतकंच काय, एकाच तुळईचा बाहेरचा आणि आतला भागही सारखा नसतो.

त्याच लाकडाचा २५ मिलिमीटर बाजूचा मोठा तुकडा घ्या, आडवा चेहरा ब्लेडनं साफ करा. त्यावर एका ओळीत पाच ठसे मारा: ५, २०, ५०, १०० आणि २०० पल्स. खाली दुसरी ओळ निम्म्या ऊर्जेनं, तिसरी दुप्पट ऊर्जेनं. पंधरा चौकोन. कागदावर तसाच तक्ता काढून ठेवा, कारण अर्ध्या तासानं कोणता चौकोन कोणता ते आठवत नाही.

प्रत्येक पल्सला बोटाच्या नखानं टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज येतो. पहिल्या पल्सना तो कोरडा आणि मोठा असतो, सैल कुसं उडत असतात. पुढे आवाज एकसारखा होतो. तो एकसारखा झाला की ब्लेडनं बिघडलेला थर बहुधा संपलेला असतो. ही खूण मला एका जुन्या तंत्रज्ञानं दाखवली आणि सूक्ष्मदर्शकानं ती बहुतेक वेळा खरी ठरवली.

आता चौकोन साध्या परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ५ पल्सच्या चौकोनात धूळ आणि कुसं गेलेली दिसतील, पण दुमडलेल्या भिंती तशाच. ५० च्या आसपास वाहिन्यांची तोंडं गोल आणि मोकळी होतात, आत टायलोसिसचे (शेजारच्या पेशी वाहिनीत फुगून येतात त्यांचे) पातळ पडदेही दिसू लागतात. २०० मध्ये वसंतातलं सच्छिद्र लाकूड खाली गेलेलं आणि नंतरचं घट्ट लाकूड बांधासारखं वर राहिलेलं दिसतं. तेवढं पुढे जायचं नाही.

किती खोल गेलं ते मोजायला वेगळं उपकरण लागत नाही. ४० पटींच्या भिंगानं चौकोनाबाहेरच्या एका भिंतीवर फोकस करा, सूक्ष्म चाकाचा आकडा लिहा. मग चौकोनातल्या भिंतीच्या माथ्यावर फोकस करा. फरक म्हणजे खोली. तिला पल्सनी भागलं की एका पल्सची झीज निघते, मायक्रॉनच्या अंशापासून काही मायक्रॉनपर्यंत. ती माहीत झाली की १०० मायक्रॉन काढायला किती पल्स लागतील हे साधं गणित.

माझ्या तुळईच्या निरोगी भागाला ६० पल्स लागल्या, कुजलेल्या भागाला २५ पुरल्या. कुजलेलं लाकूड विरळ, त्यामुळे भराभर झिजतं. दोन्ही भाग एकाच ठोकळ्यात घेतले असते तर एक अर्धवट राहिला असता किंवा दुसरा खाल्ला गेला असता. म्हणून वेगवेगळे ठोकळे घ्या.

उभ्या छेदांचं वेगळं आहे. अरीय (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या) किंवा स्पर्शरेषीय (वलयांना समांतर) चेहऱ्यावर किरण पोकळीत उतरत नाही, तो वरची भिंत उडवतो, पोकळी उघडी पडते, मग थेट खालची भिंत झिजायला लागते. दहा ते तीस पल्सच्या पुढे गेलात तर पृष्ठभाग खाचखळग्यांचा होतो. मज्जाकिरण बघायचे असतील तर कमी पल्सवर थांबून, जिथे छान उघडले आहेत तेवढीच जागा निवडा.

प्रत्यक्ष नमुना

चाचणी झाली की हा भाग लवकर उरकतो. ठोकळा बसवा, धूर ओढणारी नळी दोन-तीन सेंटिमीटरवर बाजूनं आणा. वरून हवा मारू नका, काजळी पोकळ्यांत ढकलली जाते. किरण चेहऱ्याच्या अर्ध्याच भागावर पडेल असा ठोकळा सरकवा आणि उरलेला अर्धा भाग नुसत्या ब्लेडचा राहू द्या. एकाच चौकटीत दोन्ही दिसले की लेझरनं काय दिलं आणि काय नेलं हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

ठरलेल्या पल्स मारा. मध्ये थांबून बघायचं असेल तर ठोकळा हलवू नका. पुन्हा तोच ठसा नेमका जुळत नाही आणि कडेला पायरी पडते. टेबल सरकवत काम करत असाल तर दोन ठशांच्या सांध्यावर रेघ येणारच, ती मोजणीच्या जागेबाहेर पडेल असं आखा.

नंतर कॅमेऱ्याच्या भिंगासाठी असतो तसा रबरी फुग्याचा ब्लोअर दोन-तीनदा दाबा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेलाचे कण असतात. अल्कोहोलनं धुण्याआधी विचार करा, सागातली तेलं आणि रंगद्रव्यं त्यात विरघळून पृष्ठभागावर पुन्हा साका धरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ठोकळा रात्रभर निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवा, नाहीतर लाकूड कक्षात वायू सोडत राहतं आणि निर्वात लवकर होत नाही. बाजूनं, फक्त बाजूनं, घट्ट चांदीच्या लेपाची बारीक पट्टी चेहऱ्याच्या कडेपासून बैठकीपर्यंत ओढा. १० ते १५ नॅनोमीटर सोनं किंवा सोनं-पॅलेडियम चढवा. सुरुवात ५ किलोव्होल्टनं करा. आधी सरळ वरून, मग नमुना ३० ते ४० अंश कलवून बघा. कलवल्यावर भिंती उभ्या आहेत की माथ्यावर वितळल्यासारख्या गोल झाल्या आहेत हे लगेच कळतं.

साध्या प्रकाशाखाली वाढीची वलयं मोजायची असतील तर लेझर केलेला चेहरा उत्तम दिसतो. सागाची वलयं स्पष्ट असल्यानं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यांच्यावरून मागच्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून पांढऱ्या खडूची पूड चोळून पुसतात, ती युक्ती इथेही चालते, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम पूर्ण झाल्यावरच.

प्रतिदीप्तीच्या, म्हणजे किरण पडल्यावर पदार्थातून निघणारी चमक दाखवणाऱ्या, सूक्ष्मदर्शकात सावध राहा. लिग्निन स्वतःहून चमकतं, आणि त्या चमकेवरून ते किती आहे याचा अंदाज घेतात. लेझरनं वरच्या थरातलं लिग्निन बदललेलं असतं. आकार मोजा, चमक मोजू नका.

पातळ, प्रकाश आरपार जाईल असे काप या रीतीनं मिळत नाहीत. त्यासाठी फेम्टोसेकंद लेझरचा मायक्रोटोम वेगळा असतो. आणि एखादाच पेशीगट वेगळा काढून त्यातली जनुकं बघायची असतील तर पातळ पटल चढवलेल्या काचपट्टीवर काप ठेवून ३५५ नॅनोमीटरच्या किरणानं कातरायची रीत आहे. दोन्ही स्वतंत्र लेखांचे विषय आहेत.

लेझरनं केलेल्या खुणा

तीन खुणा ओळखायला शिका. पहिली शंकू. सागातले सिलिकाचे कण लाकडाइतके लवकर उडत नाहीत. ते खालच्या लाकडावर छत्रीसारखी सावली धरतात आणि भोवतालचं झिजून टोकदार शंकू उरतो. टोकावर चमकदार कण दिसला तर तो शंकू आपण केलेला आहे, झाडाचा नाही. दुसरी, भिंतीच्या माथ्यावरची गुळगुळीत साय. ती दिसली की थर भाजला आहे, बहुतेक वेळा पल्सचा वेग जास्त होता किंवा ऊर्जा कमी. तिसरी, कापसासारखी काजळी, जी नेहमी ठशाच्या कडेला दाट असते. ती ब्लोअरनं निघाली नाही तर नळीची जागा बदलून नवा ठोकळा घ्या. त्याच ठोकळ्यावर आणखी पल्स मारून ती घालवायला गेलात तर खोलीचा हिशेब बिघडतो.

आता पुन्हा त्या तुळईकडे. २५ पल्सनंतर कुजलेल्या ठोकळ्यात तंतूंच्या जाड भिंतींमध्ये बारीक गोल भोकं दिसली, एक ते काही मायक्रॉनची, पोकळीला न टेकता भिंतीच्याच मधल्या थरात. ब्लेडच्या अर्ध्या भागात त्याच ओळीत नुसता चोथा होता. मृदू-कूज करणाऱ्या बुरशीची ही ओळखीची खूण. ती भिंतीच्या आत सेल्युलोजच्या धाग्यांच्या दिशेनं बोगदे खणते, आडव्या छेदात ते भोकांसारखे दिसतात. पण भोकं लेझरनं पाडलेली तर नाहीत? आतल्या निरोगी गाभ्याच्या ठोकळ्यावर आधी ६० आणि मग मुद्दाम १०० पल्स मारून पाहिल्या. माथे थोडे गोल झाले, भिंतीत एकही भोक नव्हतं. मग कुजलेल्याच ठोकळ्यातून गोठवून घेतलेल्या दुसऱ्या तुकड्याचा उभा छेद १५ पल्सवर उघडला. भिंतीत तिरके, टोकाला निमुळते बोगदे ओळीनं दिसले.

त्यानंतर टोकापासून दर ३ सेंटिमीटरवर एक असे आठ ठोकळे काढले, प्रत्येकावर आधी चाचणीचा तुकडा, मग नमुना. भोकं सहाव्या ठोकळ्यापर्यंत होती, सातव्यात एक-दोन तंतूंत, आठव्यात नाहीत. सुताराला आठव्याच्या पुढे आणखी वीतभर सोडून खूण करून दिली. प्रत्येक ठोकळ्याच्या डबीवर तरंगलांबी, चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, किती पल्स, सेकंदाला किती आणि ठोकळा कसा वाळवला हे लिहिलेलं आहे. ब्लेडची अर्धी बाजू तशीच ठेवलेल्या त्या आठही डब्या कपाटात आहेत, सिलिका जेलसकट.